काचेला काच म्हणून पाहताना



माणसाची पारख सांगायची झाली की आपण हिऱ्याचे आणि काचेचे उदाहरण देतो. हिरा खरा, काच खोटी. मणी थोर, काच हलकी. संस्कृत सुभाषितकारांपासून आपल्या गावच्या पंचांपर्यंत सर्वांनी ह्या एका दृष्टान्तावर आपले काम भागविले आहे. ऐकणाऱ्यालाही तो पटतो, कारण काच स्वस्त आहे आणि ती फुटते. पण ह्या दृष्टान्तात एक अन्याय दडलेला आहे. काचेने आपण हिरा असल्याचा दावा केव्हा केला होता? हिऱ्याच्या तराजूत तिला आपणच बसविले आणि वजनात कमी भरली म्हणून दोषही तिलाच दिला.

आजच्या व्याख्यानाचा विषय रंगीत काचेचे शिल्प हा आहे. साखऱ्यासारख्या गावात हा विषय कशाला, असे एखाद्याला वाटणे स्वाभाविक आहे. काचेची शिल्पे व्हेनिसला होतात, अमेरिकेत होतात, फार तर दिल्लीमुंबईच्या कलादालनांत मांडली जातात. सेनगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा आणि त्यांचा काय संबंध? माझे म्हणणे असे की, संबंध आहे, आणि तो जुना आहे. किंबहुना, ज्या मराठवाड्याच्या मातीवर आपण बसलो आहोत तिचा काचेशी असलेला संबंध व्हेनिसच्या कीर्तीपेक्षा कितीतरी जुना आहे. तो आपण विसरलो, आणि त्या विस्मरणात काच पाहण्याची आपली नजरही गेली. ती नजर कशी होती, कोणाजवळ होती आणि कशी हरवली, हे आज पाहावयाचे आहे.

आरंभ निसर्गापासूनच करू. काच म्हणजे काय? वाळू वितळवून तिचा रस केला आणि तो पुन्हा स्फटिकांची शिस्तबद्ध रचना बांधील इतकी उसंत न देता थंड केला, म्हणजे त्याची काच होते. माणसाच्या आधी हे काम निसर्गाने केले आहे, आणि त्याची एक जागा येथून फार दूर नाही. लोणारचे सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आकाशातून आलेल्या एका प्रचंड पाषाणाने आपल्या काळ्या कातळाला दिलेला तो घाव आहे. हा खड्डा ज्वालामुखीचा की उल्केचा, ह्याविषयी पूर्वी मोठा वाद होता. १९७३ साली त्याचा निकाल लागला, तो काचेच्या साक्षीवरून. आघाताच्या जबर दाबाने खडकातील स्फटिकांची जागच्या जागी काच झाली होती, आणि असा दाब ज्वालामुखीच्या मुखात निर्माण होत नाही. ज्या काचेला आपण खोटी म्हणतो तिने येथे खरी साक्ष दिली.

लोणारचा काचेशी दुसराही एक संबंध आहे. नुसती वाळू वितळवायची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि जुन्या काळच्या लाकडाच्या भट्टीला ती झेपत नसे. वाळूत खार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेत वितळते, आणि थोडा चुना घातला म्हणजे तयार झालेली काच पाण्याने विरत नाही. वाळू, खार आणि चुना हा काचेचा मूळ संसार होय. लोणारच्या सरोवराचे पाणी खारट आहे ते ह्याच सोडाखारामुळे. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर जमणाऱ्या क्षारांना दल्ला, पापडी अशी नावे होती. अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन लिहिले, त्यात लोणारचा उल्लेख आहे. काच आणि साबण करण्याला लागणारी द्रव्ये येथे मिळतात आणि त्यांच्या जकातीचे सरकारला चांगले उत्पन्न होते, असे तो नोंदवितो. तीर्थक्षेत्र म्हणून लोणारची महती आपण ऐकत आलो. काचभट्टीला खार पुरविणारे ठिकाण म्हणून ती कोणी आपल्याला सांगितली नाही.

आता अबुल फज्लच्याही मागे दीड हजार वर्षे जाऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. भडोचच्या बंदरात पश्चिमेकडून कोणता माल उतरतो ह्याच्या यादीत मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे ह्यांच्याबरोबर तो कच्च्या काचेचेही नाव घेतो. लगेच पुढे तो सांगतो की, ह्या बंदराला दक्षिणेतून माल पुरविणारी दोन मोठी पेठ-गावे आहेत : पैठण आणि तगर. तगर म्हणजे आपले धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड जात आणि तेरहून कापड.

ह्या गावांच्या पांढरीत काय सापडले ते पाहा. तेर, पैठण, जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, गोदावरीच्या खोऱ्यातलेच प्रवरेकाठचे नेवासे, आणि तिकडे कोल्हापूरची ब्रह्मपुरी, ह्या सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत काचेचे मणी विपुल मिळाले. नेवाशाचे उत्खनन डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ ह्या काळात केले. भोकरदनचे १९७३ साली झाले. हे मणी निळे आहेत, हिरवे आहेत, तांबडे, पिवळे, काळे आहेत. काही इतके बारीक आहेत की त्यात दोरा ओवणाऱ्या बोटांचे कौतुक करावे की मणी करणाऱ्या हातांचे, ते कळू नये. काहींत पारदर्शक काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबलेला आहे, म्हणजे सोने दिसते पण झिजत नाही. तेरच्या अशा वस्तूंचा मोठा संग्रह रामलिंगप्पा लामतुरे ह्या गावच्याच गृहस्थांनी जमविला, आणि तेथील संग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पायाखालचा मणी उचलून जपून ठेवावा असे एका खेडेगावच्या माणसाला वाटले, म्हणून ही काच आज आपण पाहू शकतो.

हे रंग आले कोठून? काचेच्या रसात धातूची भस्मे चिमूट-चिमूट मिसळली की रंग येतो. कोबाल्टाने गर्द निळा, तांब्याने पेरोजासारखा निळसर हिरवा, आणि भट्टीत हवा कोंडली तर त्याच तांब्याने रक्तासारखा तांबडा. लोखंडाने हिरवा, मँगनीजने जांभळा. म्हणजे एकाच तांब्याचे दोन रंग, आणि कोणता उमटावा हे आगीच्या श्वासावर ठरणार. ज्या कारागिराला रसायनशास्त्राचे एक अक्षर ठाऊक नव्हते त्याने ज्वाळेचा रंग पाहून काचेचा रंग साधला. रोमचा प्लिनी, जो इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मृत्यू पावला, आपल्या ग्रंथात लिहितो की, भारतातील काच फुटक्या स्फटिकापासून करतात आणि म्हणून तिची बरोबरी दुसरी कोणतीही काच करू शकत नाही. त्याची माहिती ऐकीव होती आणि कारणमीमांसाही कदाचित चुकीची. पण जगाच्या बाजारात आपल्या काचेचा असा लौकिक होता, एवढे त्यावरून निश्चित दिसते. त्या काळी काच ही दगडाची गरीब बहीण नव्हती. एकाच माळेत अकीक आणि काच शेजारी शेजारी ओवली जात होती.

मध्ययुगात ह्या मण्यांची जागा बांगडीने घेतली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ साली झाले. तेथे आणि नेवाशाला बहमनी व मराठा काळाच्या थरांत रंगीबेरंगी काचेच्या बांगड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने निघाले. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचे ठिपके, पट्टे, पीळ, असे त्यांचे नाना प्रकार आहेत. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांनी अशा तुकड्यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि भारतीय काचेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ साली प्रसिद्ध केला. राजांच्या सनदा आणि तलवारी गोळा करणारे पुष्कळ झाले. कोणा अनाम बाईच्या हातावर पिचकलेल्या बांगडीचा तुकडा मोजून, त्याचा रंग आणि पीळ टिपून ठेवणारा विद्वान विरळाच.

येथे मी आपल्याला थोडे थांबून विचार करावयास सांगतो. आपल्या समाजात काचेची खरी पारख कोणाजवळ होती? शास्त्र्यापंडितांजवळ ती नव्हती. त्यांनी तर काचेला दृष्टान्तापुरते वापरून टाकून दिले. ती पारख होती कासाराच्या आणि मणेराच्या दुकानापुढे बसलेल्या बायकांजवळ. बांगड्या भरावयास बसलेली बाई काय करीत असे ते आठवा. ती बांगडी आधी उजेडाकडे धरते. रंग वरवरचा आहे की आतून आला आहे, हे तिला पाहावयाचे असते. मग ती दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवते. नाद खणखणीत आला तर काच एकसंध, बद आला तर कोठे तरी चीर आहे. जोड कोठे आहे तो ती बोटाने चाचपते. आणि शेवटी एकेक नव्हे, तर डझनभर बांगड्या एकत्र हातात घालून मनगट फिरवून पाहते, कारण एका बांगडीचा हिरवा वेगळा आणि बारा बांगड्यांचा हिरवा वेगळा. रंगांची नावे तरी किती! मोरपंखी, शेवाळी, डाळिंबी, आमसुली, अबोली. एवढी सूक्ष्म परीक्षा करणाऱ्या ह्या बाईला आपण रसिक म्हणालो नाही, हौशी म्हणालो.

मी हे मुद्दाम विस्ताराने सांगितले, कारण आज काचेचे शिल्प कसे पाहावे हे शिकविणारा मोठ्यातला मोठा समीक्षकही ह्याहून फारसे निराळे सांगत नाही. काच उजेडाविरुद्ध पाहावी. दगडाच्या किंवा पितळेच्या मूर्तीवर प्रकाश बाहेरून पडतो, पृष्ठभागावर थांबतो आणि छायेच्या मदतीने आकार सांगतो. काचेत प्रकाश आत शिरतो, तेथे काही काळ राहतो आणि रंग होऊन बाहेर येतो. म्हणून मूर्तीला आपण समोरून पाहतो, तर काचेच्या आरपार पाहतो. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहात एक मोठी गोल खिडकी आहे. तिच्यात बारा राशी रंगीत काचेत बसविलेल्या आहेत. हे सभागृह १८७४ साली पुरे झाले. बाहेर रस्त्यावर उभे राहून त्या खिडकीकडे पाहिले तर ती काळवंडलेली, मुकी दिसते. आत जाऊन पाहावे तर प्रत्येक राशीत दिवा लावल्यासारखा वाटतो. काच तीच, सूर्य तोच. बदलली ती पाहणाऱ्याची जागा. रंगीत काचेचा हा पहिला धडा आहे.

ह्यानंतरचा इतिहास स्वदेशीचा आहे, आणि तो अभिमानाचा तसाच थोडा हुरहुर लावणारा आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी काच स्वस्त झाली आणि देशी भट्ट्या विझत गेल्या. तेव्हा अंताजी दामोदर काळे ह्यांनी प्रत्येकाने एक एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी धंदे उभे करावेत अशी कल्पना काढली. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपानात आणि अमेरिकेत काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय ह्यांनी त्याच्या उभारणीचे काम केले, आणि कारखान्याबरोबर काचकामाचे शिक्षणही सुरू झाले. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने आपला कारखाना काढला. ती जागा ओगलेवाडी म्हणूनच प्रसिद्ध झाली आणि तिचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचला.

ह्या कंदिलाचे ऋण फार मोठे आहे. वीज पोहोचण्यापूर्वी आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचा अभ्यास, कितीतरी बाळंतपणे आणि कितीतरी भजने कंदिलाच्या उजेडात झाली. तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करणे हे घरातले नित्याचे काम होते. ती तापली असता तिच्यावर पाण्याचा एक थेंब पडला तर ती तडकते, हे लहान मुलालाही ठाऊक होते. काचकामाचे एक मोठे रहस्य ह्या थेंबात आहे. काच एका बाजूने लवकर आणि दुसऱ्या बाजूने सावकाश निवाली, तर तिच्या अंगात ताण राहतो आणि ती आज ना उद्या फुटते. म्हणून घडविलेली वस्तू गरम कोठीत ठेवून हळूहळू निववावी लागते. जाड शिल्प असेल तर त्यासाठी आठवडे आणि महिनेही लागतात.

परंतु ह्या सर्व उद्योगात एक गोष्ट घडली नाही. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी औंधला संग्रहालय उभारले, त्यात देशोदेशीची चित्रे-शिल्पे आणली. हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराची आई आणि मूल ही शिल्पाकृतीदेखील तेथे आहे. म्हणजे एकाच राजाच्या छत्राखाली एका ठिकाणी काचेच्या भट्ट्या पेटत होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी जगातले नवे शिल्प येऊन बसले होते. पण भट्टीवरचा कारागीर आणि शिल्पकार ह्यांची गाठ पडली नाही. कारागिराला चिमण्या, बरण्या आणि बाटल्या करावयाच्या होत्या, आणि शिल्पकाराला काच हे शिल्पाचे द्रव्य आहे असे वाटतच नव्हते. ह्यात दोष कोणाचा नाही. पारतंत्र्यातल्या देशाला आधी दिवा हवा होता. पण पुढे वीज आली, कंदिलाची गरज सरली आणि ओगलेवाडीचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्या कारागिरांच्या फुंकेतले आणि मनगटातले ज्ञान नेमके कशासाठी जपावे, ह्याचे उत्तर आपल्याजवळ नव्हते. दिव्यापलीकडे काचेला काही सांगावयाचे असू शकते, ही जाणीव असती तर ते उत्तर मिळाले असते.

जगात इतरत्रही ही गाठ सहजासहजी पडली नव्हती. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ साली आगीच्या भयाने सगळ्या काचभट्ट्या शहराबाहेर मुरानो बेटावर हलविल्या. तेथे शतकानुशतके अप्रतिम काचकाम झाले. पण ते कारखान्याच्या आणि घराण्याच्या गुपितात राहिले. शिल्पकार कागदावर आकृती काढी आणि काच दुसराच कोणी घडवी. विसाव्या शतकाच्या मध्याला हे बदलले. १९५८ सालच्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा ह्या जोडप्याने काँक्रीटच्या भिंतीत ओतीव काचेच्या प्राणिआकृती बसविल्या, त्या आदिमानवाच्या गुहाचित्रांची आठवण देणाऱ्या होत्या. त्यांचे कसब असे की, काच साच्यात ओतताना कोठे जाड आणि कोठे पातळ राहील हे ते आधी ठरवीत. जाड भागात रंग गर्द होतो, पातळ भागात फिका. म्हणजे एकाच रंगाची काच स्वतःच स्वतःची छाया काढते. दगडाला छाया बाहेरून मिळते, काचेला ती अंतरंगात मिळते.

दुसरी घटना अमेरिकेतली. हार्वे लिटलटन नावाचे एक गृहस्थ विस्कॉन्सिन विद्यापीठात कुंभारकला शिकवीत असत. कुंभार एकटा आपल्या भट्टीवर काम करू शकतो, तर काचकाराला कारखाना कशाला हवा, असा त्यांचा साधा प्रश्न होता. १९६२ च्या मार्चमध्ये टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारातील एका गाडीखान्यात त्यांनी लहानशी भट्टी लावून शिबिर घेतले. पहिला रस बिघडला. तेव्हा काचतंत्रज्ञ डॉमिनिक लॅबिनो ह्यांनी काचतंतूंसाठी तयार केलेल्या गोट्या वितळवून पाहण्यास सुचविले आणि काम जमले. पहिले फुगे वेडेवाकडे होते; पण कलावंत स्वतः भट्टीशी उभा राहिला. त्यातून निघालेल्या पिढीतले डेल चिहुली हे आज सर्वांत प्रसिद्ध नाव. १९७१ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पिलचकची काचशाळा काढली. १९७६ च्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला आणि पुढे खांदाही दुखावल्यामुळे त्यांनी फुंकनळी इतरांच्या हाती दिली; तेव्हापासून ते कीर्तनकाराने टाळकऱ्यांना घेऊन कीर्तन रंगवावे तसे कारागिरांच्या जथ्याकडून काम करवून घेतात. समुद्रातील जीवांसारखी, उमललेल्या फुलांसारखी त्यांची काच बागांत, सभागृहांत, छतांना लटकलेली दिसते. आपल्या देशातही हेमी बावा ह्यांनी ओतीव काचेत शिल्पे केली आणि २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बंगालचे शिशिर साहाना चित्रकलेकडून काचशिल्पाकडे वळले.

अशा कामावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रंगीत काच फार चटकन आवडते. मूल तिच्याकडे धावते, बाजारातला माणूस तिच्यापुढे थबकतो. जे इतक्या लवकर आवडते ते खोल असेल काय, असे गंभीर शिल्पकार विचारतात. हा प्रश्न योग्य आहे. चकाकणारी प्रत्येक काच शिल्प नव्हे. पुष्कळशी केवळ मिठाई असते. पण दोहोंतला भेद ओळखण्याची कसोटी आपल्या बांगडी घेणाऱ्या बाईने घालून दिलेलीच आहे. शिल्प हलवून, भोवती फिरून, सकाळी आणि संध्याकाळी पाहावे. उजेड बदलल्यावर त्यातला आकार बदलतो काय? रंग आकाराच्या पोटातून आला आहे, की वरून चढविला आहे? आगीचा, फुंकीचा, ओघळण्याचा जो क्षण त्यात गोठला आहे, तो आपल्याला जाणवतो काय? ह्या प्रश्नांना होकार मिळाला तर ती काच मिठाई नव्हे. आणि सौंदर्य लवकर भेटले एवढ्यावरून ते उथळ ठरत नाही. पळसाचे फूलही चटकन डोळ्यांत भरते, म्हणून वसंताला कोणी उथळ म्हणत नाही.

आता शेवटी पुन्हा आपल्या घरी येऊ. आपल्याकडे बांगडी फुटली असे म्हणत नाहीत. बांगडी वाढली असे म्हणतात. अशुभ शब्द टाळण्यासाठी ही रीत पडली हे खरे. पण वाढलेल्या त्या बांगडीचे पुढे काय होत असे? घरातली मुले तिचे तुकडे जमवीत. चिमणीच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर एकेक तुकडा धरीत. तो लालसर होऊन मऊ पडला की त्याची टोके वाकवून एकमेकांत अडकवीत, आणि पाहता पाहता हिरव्या, तांबड्या, निळ्या कड्यांची साखळी तयार होई. अशा साखळ्यांची तोरणे आपल्या कितीतरी घरांच्या दारांवर लागली. बोटे भाजत, काच हातात तुटे, आणि तरीही मूल दुसरा तुकडा ज्योतीवर धरी. तापलेली काच केव्हा वाकेल, केव्हा तुटेल, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल, हे ते कोणी न शिकविता शिकत होते. ज्योतीवर काच घडविण्याची ही कला जगभरच्या काचशाळांत शिकविली जाते. आमच्या घरी तिला पोरखेळ म्हणत.

हिंगोली जिल्हा १९९९ साली स्वतंत्र झाला, पण ह्या मातीची काचेशी ओळख जिल्ह्याच्या नावांहून फार जुनी आहे. लोणारचा खार, तेरचे मणी, नेवाशाच्या बांगड्या, ओगलेवाडीचा कंदील आणि दारावरचे तोरण ही एकाच साखळीची कडी आहेत. त्यांपैकी बहुतेक कडी निखळली. काचेच्या बांगडीची जागा दुसऱ्या पदार्थाच्या बांगडीने घेतली, ज्योतीची जागा दिव्याच्या बटणाने घेतली, आणि त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पण काच हाती घेऊन तिला उजेडाकडे धरण्याची सवय एकदा मोडली की रंगीत काचेचे शिल्प पुढे आले तरी आपण त्याची किंमत विचारू, त्याच्या आरपार पाहणार नाही. कारखाना पुन्हा काढता येतो, भट्टी पुन्हा पेटविता येते. गेलेली नजर मात्र पैसाफंडानेही परत येत नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. कोणाच्या घरी जुने तोरण अजून उरले असेल, पेटीच्या तळाशी आजीच्या बांगड्यांची एखादी जोडी असेल, माळ्यावर कंदिलाची जुनी काच असेल, तर ती उद्या सकाळी खाली काढावी, पुसावी, आणि घरातल्या मुलाच्या हाती देऊन त्याला दाराशी उन्हात उभे करावे. ही खोटी आहे की खरी, असे त्याला विचारू नये. आत काय दिसते, एवढेच विचारावे.